दात न दाखवता

विनोद म्हणजे काय, हे समजावून सांगणाऱ्या माणसाच्या चेहऱ्यावर मी आजवर हसू पाहिलेलं नाही. विनोदावरच्या व्याख्यानाला जावं, तर वक्ते आधी घसा साफ करतात, मग 'विनोद ही अत्यंत गंभीर गोष्ट आहे' असं म्हणतात आणि पुढचा पाऊण तास ते एक वाक्य स्वतःच्या हिमतीवर सिद्ध करून दाखवतात. सभागृहात हशा एकदाच पिकतो. माइक मध्येच शिट्टी मारतो तेव्हा. न. चिं. केळकरांनी 'केसरी' चालवला, राजकारण केलं, नाटकं लिहिली, आणि एवढं करून 'हास्यविनोदमीमांसा' नावाचा ग्रंथही लिहिला. केळकरांच्या विद्वत्तेबद्दल मला आदर आहे. पण मीमांसा हा शब्द शेजारी येऊन बसला, की हास्य आणि विनोद ही दोन्ही पोरं शाळातपासनीस वर्गात आल्यासारखी हाताची घडी घालून बसतात, त्याला केळकर तरी काय करणार?

तरीही कोशात एकदा डोकवायला हरकत नाही. 'विनोद' हा शब्द 'नुद्' या धातूवरून आला. नुद् म्हणजे ढकलणं. मागे 'वि' लावला की दूर ढकलणं, घालवून देणं. संस्कृतात 'श्रमविनोद' असा शब्द आहे, त्याचा अर्थ दमलेल्या माणसानं चुटके सांगणं असा नाही. श्रम घालवणं, एवढाच आहे. म्हणजे मुळात या शब्दात हसण्याचं नावही नाही. कुणीतरी काहीतरी जड असं अंगावरून पलीकडे सारतो आहे, एवढंच चित्र त्यात आहे. हसू नंतर आलं. एखादं कपाट एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत ढकलल्यावर माणूस 'हुश्श' करतो ना, तसं.

हा अर्थ कळल्यापासून विनोदाकडे पाहण्याची माझी नजर थोडी बदलली. कोणी काही गमतीचं बोललं, की हे चांगलं जमलं का वाईट, हा प्रश्न मागे पडतो. यानं काय ढकललं आणि ते कोणाच्या अंगावर जाऊन पडलं, हे आधी पाहावंसं वाटतं.

भरतमुनींनी नाट्यशास्त्रात हसण्याची सहा खणांत व्यवस्थित मांडणी करून ठेवली आहे. स्मित, हसित, विहसित, उपहसित, अपहसित आणि अतिहसित. स्मितात गाल जरासे फुलतात, पण दात दिसता कामा नयेत. हसितात दात थोडेसे दिसले तर चालतात. विहसितात बारीक, गोड आवाज निघतो, तोही प्रसंग पाहून. उपहसितात नाकपुड्या फुगतात आणि नजर तिरकी होते. अपहसित म्हणजे काळवेळ सोडून, डोळ्यांत पाणी आणून, खांदे गदगदा हलवत हसणं. आणि अतिहसितात माणूस कुशी धरून, मोठमोठ्यानं, कानठळ्या बसतील असा हसतो. यांतले पहिले दोन खण उत्तम प्रकृतीच्या माणसांचे, मधले दोन मध्यमांचे आणि शेवटचे दोन अधमांचे. आम्हा मध्यमवर्गीयांची सोय मुनींनी इतक्या जुन्या काळी उपहसितात करून ठेवावी, याचं मला राहून राहून आश्चर्य वाटतं. नाकपुड्या फुगवून तिरकं बघत हसणं हे आमच्या पेठेत एवढं मुरलेलं आहे, की मुनी कधीतरी आमच्याकडे दोनचार दिवस उतरले असावेत अशी मला शंका आहे.

ही वर्गवारी जुनी झाली असं समजू नका. कोणत्याही कचेरीत साहेबांनी विनोद केला म्हणजे पाहावं. साहेब स्वतः स्मित करतात. उपसाहेबांना हसित परवडतं. हेडक्लार्क विहसित करतो, म्हणजे प्रसंग पाहून. त्याखालची मंडळी कुशी धरतात. आणि चहा घेऊन आलेला पोऱ्या, ज्याला विनोद कळलेला नसतो आणि कळून घेण्याची सक्तीही नसते, तो कप मांडून निघून जातो. एकंदरीत पगार जितका कमी तितके दात जास्त दिसतात. तोच विनोद चार दिवसांनी हेडक्लार्कनं केला, तर साहेब चष्मा काढून विचारतात, "म्हणजे काय?"

पण मुनींनी त्याच अध्यायात आणखी एक गोष्ट जाता जाता सांगून टाकली आहे. हा हास्यरस मुख्यतः स्त्रियांमध्ये आणि नीच प्रकृतीच्या लोकांमध्ये आढळतो, असं ते म्हणतात. बायका आणि नीच, दोघांना एकाच बाकावर बसवून मुनी पुढच्या रसाकडे वळले. मला हे वाक्य वाचून प्रथम राग आला आणि मग वाटलं, की निरीक्षण अगदी अचूक आहे, फक्त त्याचं कारण सांगायचं मुनी विसरले. ज्याच्या अंगावर ओझंच नाही, तो ढकलणार काय? उत्तम प्रकृतीच्या माणसाला पालखीत बसल्या बसल्या दात न दाखवता गाल फुलवणं पुरतं. पालखी खांद्यावर असलेल्यांना मात्र जरा मोठ्यानं हसावं लागतं.

आणि मुनींच्या घरातच पुढे काय झालं, ते त्याच ग्रंथाच्या शेवटाकडे दिलेलं आहे. भरताच्या मुलांना नाट्यविद्या चांगलीच आली, आणि विद्या आली की होतं तेच झालं. त्यांनी ऋषींची टिंगल करणारं एक प्रहसन रचलं आणि खुद्द ऋषींपुढेच ते केलं. ऋषी हसले नाहीत. तुमची विद्या नष्ट होईल आणि तुम्ही व तुमचा वंश शूद्राचाराचा होईल, असा शाप त्यांनी दिला. देव मध्ये पडले म्हणून विद्या वाचली, पण नटांच्या वंशाचा शाप तसाच राहिला. आपल्याकडच्या विनोदाच्या इतिहासातला हा माझ्या माहितीतला सर्वांत जुना खटला. वरच्यांना हसलास, तर तुला खाली ढकलू.

हा शाप आपल्या मुलखात नुसता पोथीत राहिला नाही. तमाशाच घ्या. गण होतो, गौळण होते, मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गवळणींची वाट अडते, लुगडं नेसून पुरुषच झालेली मावशी कृष्णाशी हुज्जत घालते, आणि मग वगात राजा येतो. राजाला कमरेत वाकून मुजरा करणारे खूप असतात. पण त्याला "काय रं राजा, जेवलास का?" असं विचारायची मुभा एकट्या सोंगाड्याला. पाटील पुढच्या रांगेत बसलेला असतो, सावकार त्याच्या शेजारी, आणि सोंगाड्या राजाचं नाव घेऊन त्या दोघांची सालं काढत असतो. सगळं गाव हसतं, पाटलालाही हसावंच लागतं, कारण न हसला तर ती टोपी आपलीच आहे हे त्यानं कबूल केल्यासारखं होतं. वसंत सबनीसांचं 'विच्छा माझी पुरी करा' १९६५ साली आलं, तेव्हा दादा कोंडके सकाळच्या वर्तमानपत्रातली बातमी रात्रीच्या बतावणीत घालत, आणि शहरातले लोकही तेच नाटक पुन्हा पुन्हा बघायला जात. पण त्याआधीच्या काळात गावोगावचे फड बहुतेक महार, मांग, कोल्हाटी अशा समाजांतल्या कलावंतांचे. रात्री राजाला अरेतुरे करणारा सोंगाड्या सकाळी त्याच गावाच्या वेशीबाहेर, कोणीतरी वरून पाणी वाढेल म्हणून ताटकळत उभा. रात्रभर त्याच्यावर कुशी धरून हसलेला गाव सकाळी त्याची सावली चुकवून चाले. ऋषींचा शाप एवढा तंतोतंत खरा झालेला दुसरा मला माहीत नाही.

मुनींच्या बाकावर बसलेल्या दुसऱ्या गटाचीही व्यवस्था आपल्याकडे होती. बायकांनी हसायचं कुठे? तर जात्यावर. जात्याची घरघर हा एक उत्तम पडदा आहे. पहाटे ओसरीवर सासरे झोपलेले आहेत, सासू अर्धवट जागी आहे, आणि दोन जावा जात्याच्या दोन बाजूंना बसून सासूच्या बोलण्याची, नणंदेच्या नखऱ्यांची आणि दीरांच्या आळसाची ओवीतून चेष्टा करताहेत. दळण सरतं तशी ओवीही सरते. पीठ उरतं. पुरावा काही नाही.

एकनाथांना हे ठाऊक होतं असं मला नेहमी वाटतं. पैठणचे नाथ सोळाव्या शतकातले. संस्कृत येणारे, भागवतावर टीका लिहिणारे. पण भारूड लिहायला बसले की त्यांच्या अंगात कधी जोशी शिरतो, कधी वासुदेव, कधी महारीण, कधी विंचू चावलेला माणूस. त्यातली एक सासुरवाशीण आहे. ती भवानीला रोडग्याचा नवस बोलते. मागणं काय? सासरा, सासू, जाऊ, नणंद यांचा एकेक करून बंदोबस्त कर. यादी पुढे पुढे सरकत नवऱ्यापर्यंत येते, आणि शेवटी बाईला एकटीच राहायचं असतं. कीर्तनकार लगेच सांगतात, की सासरा म्हणजे अहंकार, सासू म्हणजे अमुक विकार, नवरा म्हणजे तमुक. ते बरोबरच आहे. नाथांच्या मनात तेच होतं. पण मागच्या बाजूला पदर तोंडावर घेऊन बसलेल्या बायका विकारांना हसत नव्हत्या. त्यांच्या डोळ्यांपुढे घरची माणसं होती, नावागावासकट. आणि तरी पाप लागत नव्हतं, कारण वर अध्यात्माचं झाकण होतं. चारशे वर्षं झाली, ते झाकण आणि खालची उकळी दोन्ही जागच्या जागी आहेत.

लग्नात तर याला रीतसर वेळ नेमून दिलेली असे. एरवी मुलीकडच्यांनी मान खाली घालून उभं राहायचं. हुंडा द्यायचा, मानपान सांभाळायचे, व्याह्यांच्या मेहुण्याच्या मामांना पाटाऐवजी चौरंग का नाही याबद्दल माफी मागायची. पण विहिणीची पंगत बसली, की मुलीकडच्या बायका गाणी म्हणून वरमाईच्या नाकाडोळ्यांपासून खाण्यापिण्यापर्यंत सगळ्याचा समाचार घेत, आणि वरमाईनं ते जिलबी खात खात ऐकून घ्यायचं. आयुष्यभराच्या हिशोबात ती अर्ध्या तासाची सूट. नवरीलाही नवऱ्याचं नाव घेण्याची बंदी, म्हणून मग ते नाव उखाण्यात दडवून घ्यायचं. ज्या नावाचा सगळ्यांना धाक, ते चांदीच्या वाटीशी नाहीतर भाजीतल्या मिठाशी यमकात बांधून टाकलं, की निदान तेवढ्यापुरतं हातात मावायचं. पुरुषांसाठी शिमगा होताच. वर्षभर ज्याच्यापुढे ब्र काढता येत नाही, त्याच्या दारापुढे जाऊन बोंब मारायची. रंगपंचमी झाली की पुन्हा जोहार. शिमगा गेला तरी कवित्व उरतं असं आपण म्हणतो. बहुतेक वेळा कवित्वच उरायचं, बाकी काही बदलायचं नाही. विनोदाचं हे एक लबाड अंग आहे. वाफ गेली की झाकण उडत नाही, हे झाकण ठेवणाऱ्यांनाही चांगलं कळतं. म्हणून तर त्यांनी शिमग्याची तिथी पंचांगात घातली.

घरगुती वापराचं एक उदाहरण मी जवळून पाहिलेलं आहे. आमच्या चाळीतले अण्णा गेले. अण्णा पक्के काटकसरी. बसचे पैसे वाचवायला जन्मभर पायी हिंडले, आणि कुणी रिक्षानं आला तर त्याच्याकडे दिवाळं काढलेल्या व्यापाऱ्याकडे पाहावं तसं पाहत. सकाळपासून घरात माणसांची ये-जा, पण वहिनींच्या डोळ्यांतून टिपूस नाही. दगडासारख्या बसलेल्या. जाणत्या बायका काळजीत पडल्या. "रडव गं तिला कोणीतरी," असं कुजबुजू लागल्या. दुपारी शववाहिनी आली. अण्णांची थोरली बहीण जिन्याशी उभी होती. ती डोळ्यांना पदर लावून गाडीकडे पाहत म्हणाली, "बघा, निघाला शेवटी गाडीतनं. आणि तेही लोकांच्या पैशानं." क्षणभर कोणाला काही सुचेना. मग वहिनींना हसू फुटलं. चांगलं खांदे हलवत, डोळ्यांत पाणी येऊन, भरतमुनींच्या पाचव्या खणातलं, काळवेळ सोडून. आणि त्या हसण्यातूनच त्यांना रडू फुटलं, ते तासभर थांबलं नाही. जमलेल्या बायकांनी सुटकेचा श्वास टाकला. आत्याबाईंनी नेमकं काय ढकललं ते कोणत्याही मीमांसेत मला सापडलेलं नाही, पण ढकललं खरं.

आता याच्या उलट. तुमच्या माझ्या बोलण्यात एक वाक्य येतं: "अहो, गंमत केली!" हे वाक्य गमतीनंतर कधीच येत नाही. येतं ते समोरच्याचा चेहरा पडल्यावर. मुलगी दाखवायच्या कार्यक्रमात कोणी काका म्हणतात, "रंग काय, संध्याकाळी लाइट गेले तर सापडायची नाही," मुलीच्या हातातला पोह्यांचा बशा मांडलेला ट्रे हलतो, आणि काका म्हणतात, "गंमत केली हो!" म्हणजे मारही त्यांनीच मारायचा आणि रडल्याबद्दल दंडही त्यांनीच करायचा. शिवाय त्या मुलीला विनोदबुद्धी नाही, अशी नोंद तिच्याच नावावर.

या दोन्ही प्रकारचं हसणं एकाच माणसाच्या आयुष्यात पाहायचं असेल, तर गोपाळ गणेश आगरकरांकडे यावं लागतं. आगरकर म्हटलं की आपल्याला कपाळाला आठी, दमा आणि बुद्धिवाद आठवतो. शाळेच्या पुस्तकांनी त्यांचं एवढं नुकसान केलेलं आहे. १८८२ साली कोल्हापूरच्या दिवाणांच्या बदनामीच्या खटल्यात टिळक आणि आगरकर या दोघांना चार महिन्यांची शिक्षा झाली. पत्रं छापली होती, ती बनावट निघाली. दोघंही १८५६ च्या जुलैतले, म्हणजे जेमतेम सव्विशीचे. टिळकांचा वाढदिवस तुरुंगातच पडला. जामिनाच्या वेळी जोतीराव फुल्यांनी खटपट केली होती, हे दोन्हीकडच्या भक्तांना आठवणीत ठेवायला जरा जड जातं. काही दिवसांची सूट मिळून १७ जुलै ते २६ ऑक्टोबर असे एकशे एक दिवस दोघं मुंबईच्या डोंगरी तुरुंगात राहिले.

बाहेर आल्यावर आगरकरांनी 'डोंगरीच्या तुरुंगातील आमचे एकशे एक दिवस' हे पुस्तक लिहिलं. दुसऱ्या कोणी ते लिहिलं असतं तर प्रत्येक पानावर हुतात्म्याचा फोटो लावला असता. आगरकरांनी तुरुंगाचीच थट्टा केली. तिथलं खाणं, तिथले नियम, तिथली माणसं, आणि कोठडीत रात्री वाद घालताना या दोन पदवीधरांचे आवाज इतके चढायचे, की पहारेकऱ्याला येऊन दटावावं लागायचं. देशाचं पुढे काय करायचं याची चर्चा चालली आहे आणि शिपाई म्हणतो आहे, गप बसा. एका कोठडीत दोन मराठी विद्वान कोंडले तर तिसरी शिक्षा द्यायची गरज राहत नाही, हे तेव्हाच सिद्ध झालं. त्याच मुक्कामात आगरकरांनी 'हॅम्लेट'च्या मराठी रूपांतराचंही काम केलं, ते 'विकारविलसित' म्हणून पुढे छापलं गेलं. पोट खपाटीला गेलेलं, अब्रू कोर्टात गेलेली, घरी पैसा नाही, आणि हा माणूस लिहितो आहे ते हसत. ओझं स्वतःचं होतं, ते त्यानं स्वतःच ढकललं, कोणाच्या अंगावर न टाकता.

पुढे १८८८ साली त्यांनी 'सुधारक' काढला. 'स्त्रियांनी जाकिटे घातली पाहिजेत' असे मथळे त्यांनी दिले. मथळा वाचूनच पुण्यात किती जणांचा घास घशात अडकला असेल याची कल्पना करा. बालविवाह, केशवपन, सोवळं यांतलं काहीच त्यांच्या तिरकस वाक्यांतून सुटलं नाही. मग पुण्यानंही गंमत केली. आगरकरांची प्रतिमा केली, तिरडी बांधली, आणि जिवंत आगरकरांची प्रेतयात्रा गावातून काढली. काढणाऱ्यांना केवढं हसू आलं असेल! नाकपुड्या फुगल्या असतील, नजरा तिरक्या झाल्या असतील. आमच्याच खणातलं हसणं ते. स्वतःची अंत्ययात्रा स्वतःच्या डोळ्यांनी पाहण्याचं भाग्य ज्यांना लाभलं, त्यांत आगरकर. १८९५ च्या जूनमध्ये वयाच्या अडतिसाव्या वर्षी ते खरोखर गेले, तेव्हा आपल्या दहनाचा खर्च बायकोवर पडू नये म्हणून त्यांनी पैसे आधीच बाजूला काढून ठेवले होते, असं सांगतात. गंमत करणाऱ्यांपैकी किती जण त्या दिवशी खांदा द्यायला गेले, त्याचा हिशोब कुणी ठेवलेला नाही.

आगरकरांच्या मागून आलेल्यांनी यातून एक धडा घेतला असावा. रूढीला सरळ तोंडावर हसलं, की तिरडी बांधली जाते. मग तिच्या बाजूनं उभं राहून हसावं. श्रीपाद कृष्ण कोल्हटकर वऱ्हाडात वकिली करत. १९०२ साली त्यांनी 'विविधज्ञानविस्तारा'त 'साक्षीदार' हा लेख लिहिला, आणि पुढे सुदामा, बंडूनाना, पांडूतात्या ही मंडळी मराठीत आली. 'सुदाम्याचे पोहे' ती हीच. बंडूनाना धर्माचे कडवे अभिमानी. ते श्राद्धाचं, व्रतांचं, शकुनांचं, ज्योतिषाचं असं काही हिरिरीनं समर्थन करतात, की वाचणाऱ्या धर्माभिमान्यालाच म्हणावंसं वाटावं, 'नाना, जरा आवरा.' वकिलाचीच युक्ती ही. विरुद्ध पक्षाच्या साक्षीदाराला पाहिजे तेवढं बोलू द्यायचं. ज्योतिषाची खिल्ली उडवणाऱ्या या गृहस्थांनी 'भारतीय ज्योतिर्गणित' नावाचा ग्रंथही लिहिला. ग्रह कुठे आहेत हे नीट मोजता येत असल्यामुळेच, ते आपल्या मुलीच्या लग्नात लक्ष घालत नाहीत याची त्यांना खात्री असावी. कोल्हटकरांची तिरडी कोणी बांधली नाही. लोक हसले, आणि हसताना कोणावर हसतो आहोत हे काहींच्या बऱ्याच उशिरा लक्षात आलं. काहींच्या अजून यायचं आहे.

त्यांना गुरू मानणारे राम गणेश गडकरी. 'बाळकराम' या नावानं त्यांनी लिहिलेलं ठकीच्या लग्नाचं प्रकरण आजही मोठ्यानं वाचलं तर घर हसतं. मीही हसतो. स्थळं शोधणारे, हुंड्याचे आकडे, लग्न मोडण्याच्या नाना तऱ्हा, सगळ्यांची रेवडी उडालेली आहे. फक्त ठकीला कोणी काही विचारत नाही. ती हसली का? आतल्या खोलीत बसून ती हे सगळं ऐकते आहे असं मनात आलं, की माझं हसू दाराशी जरा अडखळतं. पण गडकऱ्यांना आतल्या खोलीतलं दिसत नव्हतं असं म्हणण्याची सोय नाही. कारण 'एकच प्याला'. १९१९ च्या जानेवारीत गडकरी गेले, आणि त्यानंतर हे नाटक रंगभूमीवर आलं. तळीराम आणि त्याचं आर्यमदिरामंडळ यांच्या प्रवेशांना थिएटर कोसळायचं. आणि पुढच्याच प्रवेशात सिंधू जात्यावर बसलेली. दुसऱ्याचं दळण दळते आहे. तिच्या जात्यावर चेष्टेची ओवी नाही. मघाशी आपण ज्याला एवढे हसलो त्याचं बिल इथे येऊन पडलेलं आहे, हे गडकऱ्यांनी कुठेही बोलून दाखवलेलं नाही. नुसते दोन प्रवेश शेजारी शेजारी ठेवले.

या सगळ्यांत मला व्यक्तिशः जवळचे वाटतात ते चिंतामण विनायक जोशी. बडोद्याचे. पाली भाषेचे पंडित, तिथल्या कॉलेजात शिकवणारे, संस्थानच्या दप्तरखान्याचा कारभार पाहणारे. दिवसभर जातककथा आणि मोडी कागद यांत बुडालेल्या या माणसानं १९३० नंतर चिमणराव आणि गुंड्याभाऊ मराठी घराघरांत आणून सोडले. चिमणराव भित्रा, किडकिडीत, पगारानं बेताचा, बायकोपुढे शहाणपणा करायला जाऊन तोंडघशी पडणारा. आणि ही सगळी फजिती तो स्वतःच सांगतो. इथे हसायला खालचा कोणी नाही, ठकी नाही, सोंगाड्या नाही. मध्यमवर्गानं पहिल्यांदा तिरकी नजर वळवून आरशात पाहिलं आणि नाकपुड्यांतली हवा जरा कमी केली. सत्तरीच्या दशकाच्या अखेरीस मुंबई दूरदर्शननं दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे यांना घेऊन ही जोडी पडद्यावर आणली, तेव्हा ज्याच्या घरी टीव्ही त्याच्या घरी आख्खी चाळ, असा मामला होता. चपला मोजून माणसं मोजायची. आपल्यासारखाच एक भित्रा कारकून पाहून एवढ्या माणसांना एकदम हायसं वाटावं, हा पाली पंडिताचा पराक्रमच म्हणायचा. माणसानं स्वतःला थोडं कमी जड मानावं, असं गौतम बुद्धांचंही म्हणणं होतंच. जोशींनी ते काऊ आणि मोरू यांच्या मदतीनं सांगितलं.

आणि आता हसण्याचा शेवटचा अध्याय. १३ मार्च १९९५ रोजी डॉक्टर मदन कटारिया यांनी मुंबईत अंधेरीच्या लोखंडवाला भागातल्या एका बागेत पाच माणसं जमवून हास्यक्लब सुरू केला. हसणं प्रकृतीला चांगलं, एवढा साधा विचार. माणसं गोलात उभी राहायची, एकेकानं विनोद सांगायचा आणि बाकीच्यांनी हसायचं. दहाबारा दिवसांत विनोद संपले. जे उरले ते बायकांसमोर सांगण्यासारखे नव्हते, किंवा कुणाच्या तरी जातीवर नाहीतर प्रांतावर होते, आणि तो कुणीतरी गोलातच उभा असे. क्लब बंद पडायची वेळ आली. तेव्हा डॉक्टरांनी आणि योग शिकवणाऱ्या त्यांच्या पत्नीनं विनोद काढूनच टाकला. नुसतं हसायचं. श्वास घ्या, हात वर करा, हो हो, हा हा हा. शरीराला खरं हसू आणि खोटं हसू यांतला फरक फारसा कळत नाही, असं डॉक्टरांचं म्हणणं. पुढे ही पद्धत देशोदेशी गेली. ढकलायचं काही नको, कुणावर पडायचीही भीती नको. निर्धोक माल.

आमच्या बागेतही असा एक क्लब आहे. सकाळी साडेसहाला भरतो. निवृत्त मुख्य लेखापाल आहेत, दोन प्राध्यापक आहेत, एक माजी कार्यकारी अभियंता आहेत. सगळे उत्तम प्रकृतीचे लोक, जन्मभर दात न दाखवता हसलेले. आता वैद्यकीय सल्ल्यानं अतिहसित करतात. कुशी धरून, मोठमोठ्यानं, मुनींनी सहाव्या खणात घालून दिलेलं अगदी नियमात बसवून. झाडांवरचे कावळे उडतात. घड्याळात सात झाले, की हसणं एकदम थांबतं, चेहरे जागेवर येतात आणि मंडळी पेन्शनच्या फरकाबद्दल बोलू लागतात.

त्या वेळी बागेत महानगरपालिकेच्या दोन झाडूवाल्या पानं गोळा करत असतात. मंडळींचं 'हा हा हा' टिपेला पोचलं, की त्या झाडू टेकून उभ्या राहतात, पदर ओठांवर घेतात आणि पाहतात. गाल जरासे फुललेले. दात दिसत नाहीत. परवा त्यांच्या मागूनच मी चाललो होतो, तेव्हा धाकटी थोरलीला विचारत होती, "रोज कशाला हसत्यात गं ही मानसं?"

"डाक्टरनं सांगितलंय त्यास्नी," थोरली म्हणाली, आणि पानांचा ढीग पुढे ढकलत, आवाज खाली आणून म्हणाली, "बिचारे."